मामाच्या ग्रेडरचं चाक

जळक्या रबराचा वास एकदा अंगाला लागला की जन्मभर जात नाही, असं अव्वा म्हणायची. अव्वा म्हणजे माझी आई. ती अक्कलकोटच्या पलीकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या गावातली. लग्न होऊन सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आली तेव्हा तिला मराठी चांगलं येत होतं, पण रागावली की ती कानडीतच रागवायची, आणि आमच्या घरात तिला रागावण्यासारखं पुष्कळ असायचं. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. अप्पांचं टायर रिमोल्डचं, म्हणजे झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवायचं, दुकान अक्कलकोट रस्त्याला, वस्ती संपते तिथे. दुकान कसलं, पत्र्याची लांबलचक शेड, मागच्या अंगाला बॉयलर आणि पुढे मोकळं मैदान, त्यात उन्हाला टाकलेले टायर. संध्याकाळी ते घरी आले की अव्वा त्यांना मोरीच्या पुढे येऊ द्यायची नाही. राख, चिंच, बेसन, जे हाताशी असेल ते चोळून अप्पा हात धुवायचे, तरी कडक भाकरी मोडताना नखांच्या कडा काळ्याच्या काळ्या. अव्वा ताटात शेंगाचटणी वाढता वाढता म्हणायची, "ही भाकरी बी रिमोल्ड करूनच खाता काय तुमी?" अप्पा हसायचे. तेवढ्या एका बाबतीत त्यांना कुणी नावं ठेवली तरी चालायचं.

पहाटे आमच्या गल्लीत पहिल्यांदा शेजारच्या पद्मशाली घरातला माग सुरू व्हायचा. त्या खटखटीवर अप्पा लिंगपूजेला बसायचे. कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, डोळे मिटलेले. त्या वेळी त्यांच्याकडे पाहिलं तर हा माणूस दिवसभर किंचाळणाऱ्या मशीनसमोर उभा राहून झिजलेलं रबर खरवडतो, यावर कुणाचा विश्वास बसला नसता. पूजा झाली की चहा, चहा झाला की सायकल, आणि सुट्टीच्या दिवशी सायकलच्या मागे मी. मी तेव्हा कॉलेजात जायला लागले होते. माझ्या मैत्रिणी सुट्टीत भरतकाम शिकायच्या आणि मी टायरात शिरायची. हे खरंच शिरणं होतं. जेसीबी, लोडर, ग्रेडर, खाणीतले डंपर यांचे टायर माणसाच्या छातीला लागतील एवढे. त्यांना आतून खिळा, चीर, फुगवटा आहे का हे बघायला कुणीतरी आत वाकून बसावं लागतं, हातात बल्ब धरून, तळवा फिरवत. अप्पांची कंबर त्यात अडायची, कामगार बाबूभाई तर दारातूनच तिरका आत यायचा. राहिले मी. गल्लीतल्या बायका अव्वाला म्हणायच्या, पोरीच्या जातीनं टायरात बसावं का? अव्वा म्हणायची, "बसू द्या की. उद्या सासरी कुटं बी बसवलं तरी मावंल."

ट्रकचे टायर गावात बरेच जण करायचे. या मोठ्या टायरांना मात्र फार कुणी हात लावत नसे, आणि अप्पांना तेच आवडायचं. त्यातही त्यांचं एक वेड होतं. नवीन रबर चढवलेलं चाक एका अंगाला जड झालं की गाडी उड्या मारते. इतर दुकानदार म्हणायचे, मशीनला काय लग्नाच्या वरातीत न्यायचंय? मातीत तर चालायचं, उडाली तर उडू दे. अप्पांना हे पटत नसे. ते म्हणायचे, रस्ता सपाट करणारा ग्रेडर कॅम्पातून कामावर जाताना डांबरी रस्त्यानंच पळतो, आणि पळताना पुढचं चाक उडालं की स्टेअरिंग ड्रायव्हरच्या हातातून निसटतं. म्हणून ते चाक जॅकवर उचलायचे, हातानं हळूच फिरवून सोडून द्यायचे आणि थांबेपर्यंत बघत बसायचे. जड बाजू खाली येऊन थांबते. तिथे खडूची खूण. मग टायर रिमवरून उतरवून बरोबर समोरच्या बाजूला, आतून, रबराचा तुकडा चिकटवायचा. परत फिरवायचं, परत बघायचं, चाक कुठेही थांबायला राजी होईपर्यंत. आज माझा मुलगा मला गाडीतून टायरच्या दुकानात नेतो, तिथे पडद्यावर आकडे उमटतात, पोरगा रिमला शिशाचा तुकडा ठोकतो आणि दुसऱ्या मिनिटाला आम्ही बाहेर. मला ते बघून बरं वाटत नाही. चाकाला काय म्हणायचंय ते ऐकायला कुणी थांबतच नाही असं वाटतं. अर्थात आमच्याकडे इतकं ऐकूनही जे व्हायचं ते झालंच.

"शिवलिंगप्पाचं चाक उडत न्हाय," असं नातेपुत्यापासून अक्कलकोटपर्यंत ड्रायव्हर लोक म्हणायचे आणि हे वाक्य अप्पांना पंचपक्वान्नांपेक्षा गोड लागायचं. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यांच्या कामात कुणी खोट काढली तर ते ओरडायचे नाहीत, भांडायचे नाहीत. गप्प व्हायचे. टायर परत घ्यायचे, मुकाट्यानं दुरुस्त करून द्यायचे आणि मग घरी दिवसचे दिवस तोंड पाडून बसायचे. जेवण अर्धं, बोलणं पाव. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या तोंड पाडण्याला आम्ही सगळे इतके भ्यायचो की त्यांच्या कामाला चांगलं म्हणायची घराला सवयच लागून गेली. याला आम्ही मान देणं म्हणायचो.

मान देण्यात मल्लूमामाचा हात कुणी धरला नसता. मल्लूमामा अव्वाचा धाकटा भाऊ. त्यांची आई लवकर गेली, त्यामुळे अव्वानंच त्याला लहानाचा मोठा केला होता. तो एका रस्त्याच्या ठेकेदाराकडे ग्रेडर चालवायचा. कॅम्प मोडनिंबच्या पुढे. हसतमुख, तोंडात कायम पान, आणि दाजी म्हणजे त्याचा देव. एके काळी त्याला दारूचा नाद लागला होता. अव्वानं त्याला एकदा समोर बसवलं, गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायला लावलं आणि शपथ घातली. त्यानंतर त्यानं दारूला हात लावला नाही. पान तेव्हापासूनचं. अव्वा शेजारणींना सांगायची, माझा भाऊ लिंगाला खोटं पाडणारा नव्हे. हे सांगताना तिचा चेहरा असा काही उजळायचा की मला मामाचा हेवा वाटायचा.

त्या वर्षी परतीचा पाऊस रेंगाळला. दसरा होऊन गेला तरी आभाळ काही मोकळं होईना. पाऊस थांबायची वाट बघत कॅम्पवर सगळ्या मशिनी उभ्या होत्या, आणि नेमका मामाच्या ग्रेडरचा पुढचा टायर कामातून गेला. त्या मापाचा जुना सांगाडा, ज्याला आम्ही केसिंग म्हणायचो, मिळणं मुश्कील. अप्पांनी कुठून तरी एका खाणीतल्या लोडरचं केसिंग मिळवलं. लोडरला जोर यावा म्हणून त्याच्या चाकात पाणी भरतात, अजूनही भरतात. ते पाणी एखाद्या खिळ्याच्या भोकातून आतल्या दोऱ्यांच्या थरात झिरपलेलं असू शकतं. म्हणून अशा केसिंगला ऊन दाखवायचं हा आमच्या दुकानातला धर्म होता. पापड उलटावेत तसं रोज थोडं फिरवत, सोलापूरच्या उन्हात चांगलं कडकडीत वाळवायचं आणि मगच त्याच्यावर रबर चढवायचं. पाणी आत राहिलं तर साच्यात तापल्यावर त्याची वाफ होते आणि ती वाफ थराला थर धरू देत नाही. हे अप्पांना माहीत होतं, बाबूभाईला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण ऊनच नव्हतं.

आणि मामा रोज येऊन बसायचा. "दाजी, आटपा की जरा. आता उघडीप झाली की काम सुरू. सायब लई डोसकं खातोय. म्हनतो तुझ्या दाजीला म्हनावं टायर करतोस का पुरणपोळी?"

"ऊन पडू दे, मल्लू," अप्पा म्हणायचे.

"ऊन काय माझ्या हातात हाय व्हय? बॉयलरजवळ ठिवा की. तितं काय कमी गरम हाय?"

अप्पांनी दोन-तीन वेळा नाही म्हटलं. मग एक दिवस त्यांनी केसिंग बॉयलरशेजारी लावायला सांगितलं. बॉयलरच्या धगीनं ते बाहेरून लवकर कोरडं झालं. मी आत शिरले, बल्ब घेऊन सगळीकडे हात फिरवला. मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन, हाताला ते कोरडंच लागत होतं. अप्पांनी माझ्यानंतर बाहेर राहून हात घालून जिथवर पोचेल तिथवर पाहिलं, हातोडीनं ठोकून आवाज ऐकला. सगळं ठीक होतं. चढवलं रबर.

चाक कॅम्पवर गेलं आणि पहिल्याच खेपेला मामा परत आला. पान न खाता आला होता, तेव्हाच मला कळलं काहीतरी बिनसलंय. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, पावसाचं, भावकीचं. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "दाजी, राग मानू नका. चाक जरासं... जरासंच हां... उड्या मारतंय."

अप्पांचा चेहरा पडला. पण त्यांनी चाक मागवून घेतलं, जॅकवर लावलं, फिरवलं. जड बाजू खाली आली. आणि ती बाजू बरोबर तिथे होती जिथे रबराच्या पट्ट्याची दोन टोकं जुळतात, म्हणजे सांध्यावर. सांध्याची बाजू थोडी जड असतेच. अप्पांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हात्तिच्या, सांधा आहे," म्हणाले. समोरच्या बाजूला आतून तुकडा लावायचा ठरला. टायर उतरवला, मी आत बसून बल्ब धरला, अप्पांनी बाहेरून हात घालून तुकडा दाबला. पुन्हा फिरवलं तेव्हा चाक असं थांबलं की जणू त्याला कशाचीच घाई नाही. मामानं टाळी वाजवली. त्या रात्री घरात अप्पा इतके खुशीत होते की त्यांनी अव्वाला गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, करायला लावली आणि मामाला दोनदा वाढली.

आता मला दिसतं ते असं की, ते चाक जड होतं ते काही सांध्यामुळे नाही. त्याच जागी आत पाणी होतं, तिथेच थर सुटू लागला होता. चाक आपल्या परीनं सांगत होतं आणि अप्पांनी समोर वजन लावून त्याला गप्प केलं. त्यांच्या जागी एखादा आळशी दुकानदार असता, तर चाक उडत राहिलं असतं आणि वैतागून कुणीतरी काढून टाकलं असतं. बॅलन्सिंग येणाऱ्या माणसाच्या हातूनच ही चूक होऊ शकत होती. कामातली हुशारी माणसाच्या अशी अंगाशी येते तेव्हा कुणाला दोष द्यायचा हेच कळत नाही.

भाऊबीजेला मामा आला. अव्वानं ओवाळलं, जेवणं झाली. अप्पांनी विडा तोंडात घालता घालता विचारलं, "काय मल्लू, चाक कसं पळतंय?"

"लोण्यावानी, दाजी," मामा म्हणाला. "सायब बी म्हनला, शिवलिंगप्पाचा हात लागला की बघायचं काम न्हाय."

दिवाळी उलटून थोडेच दिवस झाले होते. दुपारी दुकानात फोन आला. ग्रेडर रस्त्याच्या कडेनं चालला होता, पुढचा टायर फुटला, मशीन भरावावरून खाली जाऊन कुशीवर पडलं. मामाचा डावा हात त्याखाली सापडला. अप्पा आणि बाबूभाई त्याला सोलापूरच्या दवाखान्यात घेऊन आले. हात वाचला, पण मनगटापासून बोटांपर्यंत सगळा चुरा झाला होता. अव्वा त्याच्या उशाशी बसून राहिली, कानडीत काहीबाही पुटपुटत, त्याच्या कपाळाला पुन्हा पुन्हा विभूती लावत. दुसऱ्या दिवशी कॅम्पवरचा माणूस बघायला आला. जाता जाता तो दारात अप्पांना म्हणाला, तसं मोठ्यानंच, की सगळ्यांचं म्हणणं मल्लू पिऊन होता. जुना पिणारा, दिवाळीचे दिवस, दुसरं काय असणार? मशीनचं एवढं नुकसान झालं, आता त्याला कामावर ठेवणं शक्य नाही.

अव्वानं ऐकलं. ती वळली आणि मामाला विचारलं, "हौदा? खरं काय रे?"

मामानं तोंड भिंतीकडे केलं. अव्वा उठून बाहेर गेली. त्यानंतर तिनं त्याच्या कपाळाला विभूती लावली नाही.

फुटलेलं चाक कॅम्पनं आमच्याच दुकानात टाकून दिलं होतं. मामा दवाखान्यातून आमच्या घरी यायच्या आदल्या दिवशी अप्पांनी ते कापलं. बाबूभाईला त्यांनी चहाला पाठवून दिलं होतं, मी होते. सुरी रबरात रुतत नव्हती, अप्पा घामाघूम झाले. सांध्याच्या जागचा तुकडा वेगळा झाला आणि आत थरांच्या मध्ये हाताचा पंजा मावेल एवढी पोकळी दिसली. दोऱ्या काळपट पडलेल्या. अप्पांनी एक थर बोटानं धरून ओढला, तर तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघून आला. समोरच्या बाजूला आम्ही लावलेला वजनाचा तुकडा मात्र जसाच्या तसा होता, नखभरही हलला नव्हता. अप्पा जमिनीवर बसले. मी म्हणाले, "अप्पा, मामा प्यालेला नव्हता." ते म्हणाले, "हं." मी म्हणाले, "अव्वाला सांगा." ते म्हणाले, "सांगतो की." तुकडा त्यांनी पोत्यात गुंडाळून बॉयलरच्या मागे ठेवला.

त्यांनी सांगितलं नाही. मामा घरी आला, माजघरात त्याला गादी घातली आणि एका छपराखाली आम्ही चौघं राहू लागलो. अव्वा भावाचं सगळं करायची, पथ्याचं जेवण, औषधं, अंग पुसणं, पण तोंडातून एक शब्द नाही. थाळी त्याच्यासमोर अशी ठेवायची की आमटी काठावरून सांडायची. मामा मुकाट्यानं उजव्या हातानं जेवायचा आणि सांडलेली आमटी भाकरीच्या तुकड्यानं टिपून घ्यायचा. अप्पा समोर बसून हे बघायचे. मी अप्पांकडे बघायची. मोरीत, जिन्यावर, सायकलवर, जिथे एकटे सापडतील तिथे मी विचारायची, कधी सांगणार? ते म्हणायचे, दुकानाचं नाव जाईल गं, सुमा. एकदा म्हणाले, मशीनचा एक टायर यायचा नाही दारात. एकदा म्हणाले, त्याचा हात तर आता परत येणार नाही ना. मला त्यांचा इतका राग यायचा की त्यांच्या मागे सायकलवर बसणं मी सोडून दिलं, चालत जायची. आणि रागाच्या तळाशी भीती होती. अप्पा हा असा माणूस आहे, हे मला कळायला नको होतं.

सोमवारी आमच्याकडे जंगमस्वामी, म्हणजे आमचे गुरू, जेवायला यायचे. म्हातारे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांचे पाय धुवायचे, मग ते जेवायचे, मग घरचे. त्या सोमवारी पाय धुऊन झाल्याबरोबर अव्वा त्यांच्यासमोर उभी राहिली.

"स्वामी, माझ्या भावानं लिंगावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली. तुमच्यासमोर त्याला कबूल करू द्या. आणि परत शपथ घेऊ द्या. त्याशिवाय मी ह्याच्याशी बोलणार नाही."

स्वामींनी मामाकडे पाहिलं. मामा उठून बसला. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं असतं आणि त्याचा डावा हात प्लास्टरमध्ये. तो गोंधळला. स्वामी म्हणाले, "उजव्या हातावर घे. चालतं." मामानं गळ्यातलं लिंग एका हातानं सोडवायचा प्रयत्न केला, गाठ सुटेना, तेव्हा अव्वानंच पुढे होऊन सोडवलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. मामाच्या चेहऱ्यावर अशी शांतता होती की मला रडू कोसळलं. न केलेलं पाप कबूल करायला हा माणूस असा बसला होता जसा पंगतीला बसावा.

"मी, मल्लिकार्जुन," तो म्हणाला, "त्या दिवशी..."

"थांब," अप्पा म्हणाले.

ते दारात उभे होते. तिथूनच त्यांनी सांगितलं, सगळं, एका दमात. केसिंगला ऊन मिळालं नव्हतं, आत पाणी होतं, जड बाजू त्यांना सांधा वाटली, समोर तुकडा लावला, टायर कापून बघितला. "हा प्यालेला नव्हता. टायर माझा फुटला."

अव्वानं विचारलं ते मराठीत आणि अगदी हळू. "टायर कधी कापला?"

"हा घरी यायच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे मी थाळी आपटत होते, ते सगळं तुमी बघत बसला होता."

"व्हय," अप्पा म्हणाले.

मामा कळवळला. "दाजी, ऱ्हाऊ द्या की. कशाला आता? मला काय ठावं नव्हतं का?"

अप्पा त्याच्याकडे वळले. "काय ठावं होतं?"

"टायरचं," मामा म्हणाला आणि म्हटल्याबरोबर त्याला वाटलं बोलायला नको होतं. त्यानं मान खाली घातली. "चाक परत उडाय लागलं हुतं. भाऊबिजेच्या आदीपासनं. पयल्यापेक्षा जास्त."

"भाऊबीजेला मी विचारलं होतं तुला."

"व्हय की."

"लोण्यावानी म्हणालास!"

"एकदा बोललो हुतो की, दाजी. तवा तुमचं तोंड बघवलं न्हाय मला. दुसऱ्यांदा कुठल्या तोंडानं बोलू? तुमी एवढं जीव लावून बसवल्यालं, आन् मी म्हनू खोट हाय? वाटलं, हळू चालवू, जमंल. मग फुटलं. मग वाटलं, टायर म्हनलो तर तुमचं नाव जातंय. दारू म्हनले तर माझं जातंय. माझं काय, गेल्यालंच हाय."

अव्वा एकदम खाली बसली आणि भावाचं डोकं आपल्या मांडीत घेऊन हुंदके देत रडायला लागली, कानडीत, त्याला लहानपणी हाक मारायची त्या नावानं. स्वामींनी मामाच्या हातावरचं लिंग उचलून त्याच्या गळ्यात बांधलं. "ह्यात लिंगाचं काही काम नाही. तुमचं तुमी बोला," म्हणाले आणि न जेवता, फक्त पाणी पिऊन गेले. अप्पा दारातच उभे होते. मी त्यांच्याजवळ जावं असं मला फार वाटलं, पण पाय उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा पोत्यातला तुकडा घेऊन मोडनिंबला गेले आणि ठेकेदारासमोर टाकून खरं ते सांगून आले. त्यांना जी भीती होती ती खरी ठरली. आधी त्या कॅम्पचे आणि मग एकेक करून सगळ्यांचे मशीनचे टायर यायचे थांबले. ट्रकच्या टायरांवर दुकान चालत राहिलं. मामाच्या डाव्या हाताची बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत, ग्रेडर त्याला चालवता येणार नव्हता, म्हणून अप्पांनी त्याला दुकानातच घेतलं. आणि अव्वा. ती अप्पांना कधी टाकून बोलली नाही. पण तिचं कानडीत रागावणं मात्र बंद झालं. ती त्यांच्याशी मराठीत, नीट, पाहुण्याशी बोलावं तसं बोलायला लागली, आणि हे अप्पांना किती लागायचं ते मी बघत होते. माझं लग्न ठरेपर्यंत घर तसंच होतं, आवाज नसलेलं.

त्या दिवसापासून अप्पा मामाला प्रत्येक टायरापाशी उभं करायचे. "बघ रे मल्लू, कुठं चुकलंय का." मामा हात फिरवायचा, वाकून बघायचा आणि म्हणायचा, "झ्याक हाय, दाजी." अप्पा चिडायचे, गोडीनं सांगायचे, एकदा तर हात जोडले, अरे, काहीतरी नाव ठेव. मामा हसायचा. माझ्या लग्नाच्या आदल्या महिन्यात मी दुकानात गेले होते. अप्पांनी एका ट्रकच्या टायरावर पट्टा चढवला आणि मला डोळ्यानं खूण केली. सांधा त्यांनी मुद्दाम वाकडा लावला होता. साधा वाकडा नाही, रस्त्यानं जाणाऱ्या शेळीलाही दिसावा असा. मग मामाला हाक मारली. "कसं झालंय?"

मामा टायराभोवती फिरला. सांध्याशी थांबला, वाकडी बोटं त्याच्यावरून फिरवली. मला वाटलं, आता बोलेल. अप्पांच्या चेहऱ्यावर इतकी आशा मी कधी पाहिली नव्हती.

"येक नंबर, दाजी," मामा म्हणाला.

अप्पा बाहेर मैदानात येऊन वाळत टाकलेल्या टायरावर बसले. मी शेजारी बसले. शेडमधून पट्टा उचकटल्याचा आवाज यायला लागला. मामा एका हातानं तो काढून पुन्हा बसवत होता. अप्पा ऐकत राहिले, आणि मग माझ्यासमोर, भर दुपारी, तोंडावर उपरणं धरून रडले. "सुमा, ह्याचा हात मोडला ते एक झालं गं," ते म्हणाले. "पण मी ह्याचं तोंड कधी बंद केलं, ते मला कळलंसुद्धा नाही."

थोड्या वेळानं मामा हात पुसत बाहेर आला. "बगा की, दाजी," म्हणाला, "तुमचा सांधा कसा सरळ बसलाय."